आठव्या डावापर्यंत

रविवारचा सामना झाला की सोमवारी संध्याकाळी एरास्मो पडवीत बसून बोलायचा. मी तुरीच्या शेंगा सोलत असायचे आणि तो एकेका खेळाडूला. बावीस वर्षं तो सान हासिन्तोच्या साखर कारखान्याच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर होता. ते बोलणं ऐकायला बावीस वर्षं मी एकटीच होते. मैदानावर त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तर पुष्कळ. बाकीचे घरी यायचे.

"निकासियो कॅचर म्हणून सोनं आहे," तो म्हणायचा. "बॅटरच्या मागे उकिडवा बसला की भिंत. पण पळायला लागला की वाटतं, साखरेचं पोतं गडगडत चाललंय."

"आणि मोंचो?"

"मोंचोचे हात देवानं स्वतः घडवलेत. डोकी वाटायच्या दिवशी मोंचो रजेवर होता."

"देवाला मधे आणू नकोस, एरास्मो."

"बरं, मुकादमाला आणतो. मुकादमानं रजा दिली होती."

असं चालायचं. पण बाहत्तर सालच्या गाळपात त्याच्या बोलण्यातली गंमत हळूहळू गेली, आणि तीही संघ जिंकत असताना. आम्ही ओळीनं अकरा सामने जिंकलो होतो. गाव हवेत होतं. खाटीक निकासियोच्या घरी फुकट मांस पाठवत होता. एरास्मो मात्र शेंगांच्या टोपलीकडे बघत बसायचा.

"काय झालं?" मी एकदा विचारलं.

"विहिस," तो माझं नाव घेऊन म्हणाला, "जिंकणाऱ्या संघात कुणी खरं बोलत नाही."

"म्हणजे?"

"हरणारा संघ बोलतो. माझा खांदा दुखतो, ह्याचं लक्ष नव्हतं, त्यानं चेंडू सोडला. भांडतात, पण बोलतात. ही पोरं आता बोलतच नाहीत. पहिल्या विजयाला ज्या जागेवर बसले तिथंच बसतात. ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं येतात. मोजे धूत नाहीत. परवा मोंचोच्या पायात खिळा घुसला होता, दोन डाव तसाच खेळला. का? तर बूट काढला की नशीब जातं."

"तूही मला टोपी धुवू देत नाहीस," मी म्हणाले.

तो हसला नाही. "तेच सांगतोय," म्हणाला. "मीही त्यांच्यातलाच आहे."

जरा वेळानं पुन्हा बोलला, आपल्याशीच बोलावं तसा. "एखादा हरलो असतो तर बरं झालं असतं."

मला ते आवडलं नाही. मी क्रूसाची खूण केली आणि शेंगा आत नेल्या.

एका माणसाबद्दल मात्र तो सोमवारी फार बोलत नसे. तो आमचा पिचर, वेन्सेस्लाओ. सगळे त्याला लाओ म्हणायचे. वीस वर्षांचा, काटकुळा, ढोपरापर्यंत येणारे हात. आई गेल्यापासून तो रविवारी सकाळी आमच्याकडेच जेवायचा. दारात टोपी काढून म्हणायचा, "आशीर्वाद, काकी."

"देव तुझं भलं करो, पोरा."

"भलं नंतर करू दे. आधी उकडलेल्या केळ्यांवर कांदा जास्त घाला."

त्याच्याबद्दल एरास्मो इतकंच म्हणायचा, "हा दुखलं तर सांगत नाही. बाकीच्यांचा मला राग येतो, ह्याची भीती वाटते."

अंतिम सामना मे महिन्यातल्या एका रविवारी होता, नदीपलीकडच्या कारखान्याशी. पहाटेच्या प्रार्थनेहून आले तेव्हाच हवा जड होती. उसाच्या पाचटाचा धूर वर जात नव्हता, जमिनीलगत पसरून राहिला होता. कार्मेनच्या मारियामातेच्या नवसाचा तपकिरी झगा त्या वर्षी मी रोज घालत असे. दुपारपर्यंत तो पाठीला चिकटला.

मैदानावर माझी जागा ठरलेली होती. खेळाडूंच्या बाकामागे तारेची जाळी होती, जाळीच्या ह्या बाजूला पहिली खुर्ची माझी. बाकावर बाईमाणसानं पाऊल ठेवलं तर संघ बुडतो, म्हणून बावीस वर्षांत मी जाळी ओलांडली नव्हती. तिथं बसून मी जपमाळ ओढायचे. पोरं येता जाता जाळीतून बोट घालून माझ्या बोटाला लावायची. लाओनंही लावलं.

पहिला डाव चटकन गेला. लाओनं त्यांचे तिघं उभ्या उभ्या घरी पाठवले, आणि तिघं बाद झाले की डाव संपतो.

दुसऱ्या डावात त्यांचा एक दांडगा बॅटर आला. लाओनं चेंडू टाकला, त्यानं तो सरळ आला तसा परत मारला. बंदुकीतून सुटावा तसा. मला लाओची टोपी उडालेली दिसली, मग आवाज आला. नारळ पायरीवर आपटतो तसा, उजव्या कानाच्या जरा वर. तिथून चेंडू उडाला तो एक टप्पा घेऊन मोंचोच्या हातात. मोंचोनं पहिल्या बेसवर फेकला. बॅटर बाद.

सगळं मैदान आधी ओरडलं आणि मग थबकलं. लाओ एका गुडघ्यावर बसला होता. एरास्मो पळत गेला, पंच आला. लाओ उठला, टोपी झटकली, आणि काहीतरी म्हणाला. तिथले सगळे हसले.

एरास्मो परत आला तेव्हा मी जाळीतून विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो, माझं डोकं लाकडाचं आहे, चेंडू फुटला का तेवढं बघा."

"त्याला बसव, एरास्मो."

"बोलतोय, हसतोय. किती बोटं विचारलं तर म्हणाला, बोटं तीन, नखं घाण." एरास्मोही हसत होता. "बघूया एक डाव."

तिसरा डाव चांगला गेला. चौथाही. लाओचं डोकं सुजलं होतं, टोपी तिरकी बसत होती, पण चेंडू असा जात होता की त्यांच्या बॅटा हवा कापत होत्या. पाचव्या डावाच्या शेवटी माझ्या शेजारची बाई सरबताचा पेला तोंडाशी नेता नेता थांबली. मागच्या ओळीत रेडिओवर समालोचन ऐकणाऱ्यानं आवाज बारीक केला. कुणी काही म्हणालं नाही. पण सगळ्यांना एकदमच कळलं होतं.

पाच डाव झाले होते आणि त्यांच्यातल्या एकालाही लाओच्या चेंडूवर फटका मारून बेस गाठता आला नव्हता. एकाला चुकीच्या चेंडूंमुळे चालत बेस मिळाला होता, तेवढंच. असे नऊ डाव काढले तर त्याला आम्ही कोरा सामना म्हणतो. माणसं आयुष्यभर मैदानावर येतात आणि एकही न बघता मरतात. सान हासिन्तोच्या मैदानावर तो कधीच झाला नव्हता.

आणि कोरा सामना चालू असताना पिचरशी बोलायचं नसतं. कोरा हा शब्द काढायचा नाही. त्याच्याजवळ बसायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, पाणीही हातात द्यायचं नाही, शेजारी ठेवून सरकायचं. बोललं की फुटला. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. रेडिओवरचा माणूससुद्धा त्या दिवशी धावा सांगत होता, बाद सांगत होता, ते एक सांगत नव्हता.

सहाव्या डावाआधी पोरं बाकावरून सरकत सरकत एका टोकाला गेली. दुसऱ्या टोकाला लाओ एकटा. मधे दहा हात रिकामा बाक.

तो माझ्यापासून चार हातांवर होता. मला त्याची मान दिसत होती, मानेवरचा घाम दिसत होता. त्यानं टॉवेल डोक्यावर घेतला. मग उठला, बाकाच्या मागे आला आणि जाळीला धरून ओकला. सकाळचा कांदा होता त्यात.

मोंचो बघत होता. निकासियोही. दोघांनी तोंडं फिरवली.

"घाबरलाय," मोंचो हळूच म्हणाला. "मी असतो तर चड्डी ओली झाली असती."

"तोंड बंद," निकासियो म्हणाला.

माझ्या तोंडाशी आलं होतं, लाओ, पोरा, काय होतंय? तो माझ्या समोर होता. जाळीतून हात घातला असता तर त्याच्या कपाळाला लागला असता. मी माळ घट्ट धरली आणि पुढचा मणी ओढला.

सातव्या डावासाठी आमची पोरं मैदानावर उतरली तेव्हा लाओ उलट्या दिशेला निघाला, त्यांच्या बाकाकडे. चार पावलं गेला. मोंचोनं त्याचे खांदे धरून त्याला वळवलं आणि काही न बोलता पिचरच्या उंचवट्याकडे ढकललं, लहान मुलाला शाळेकडे ढकलावं तसं. लोकांमधून एक हसू आलं आणि लगेच विरलं.

त्या डावात त्याला वेळ लागत होता. चेंडू हातात घेऊन उभा राहायचा. पण टाकला की चेंडू जिवंत. एक बाद, दोन बाद, तीन.

निकासियो मुखवटा काढून सरळ एरास्मोपाशी आला. माझ्या पुढ्यातच बोलणं झालं.

"एरास्मोकाका, तो मान हलवतोय."

"मग? तुझी खूण पटली नसेल."

"मी खूण करायच्या आधी हलवतोय. आणि एका डोळ्यानं बघतोय माझ्याकडे. उजवा मिटून घेतो."

एरास्मोनं ओठ चावला. "चेंडू कसा येतोय?"

निकासियोनं खाली बघितलं. "चेंडू?" म्हणाला. "आईची शपथ, असा चेंडू मी जन्मात झेलला नाही."

 मग निकासियो त्या टोकाला जाऊन बसला.

मी म्हणाले, "एरास्मो, जा त्याच्याजवळ. विचार."

"हळू बोल."

"त्याला डोक्याला लागलंय. तो ओकला. तू बघितलंस."

"बघितलं." त्यानं माझ्याकडे तोंड केलं नाही. मैदानाकडे बघत बोलत होता. "सहा जण राहिलेत, विहिस. दोन डाव. सहावा बाद झाला की मी स्वतः उचलून नेतो त्याला, ह्या हातांनी. आत्ता गेलो, आणि काही नसलं तर? नुसता उन्हाचा त्रास निघाला तर? तो पोरगा मला जन्मभर माफ करणार नाही."

"आणि काही असलं तर?"

तो उत्तर देणार होता, असं मला अजून वाटतं. पण तेवढ्यात आमचा बॅटर बाद झाला आणि तो त्याला धीर द्यायला टाळी वाजवत वळला.

मी पुन्हा विचारलं नाही. आज कुणी म्हणतं, काकी, तुम्ही तरी सांगितलंत. मी मान खाली घालते. मी दोनदा सांगितलं आणि गप्प बसले, कारण मलाही ते फुटायला नको होतं. मी लाओसाठी प्रार्थना करते आहे असं मला वाटत होतं. बोटांखालचे मणी बघितले तेव्हा कळलं, प्रत्येक बादाला मी एक मणी सोडत होते. मी मातेचं नाव घेऊन बाद मोजत होते.

आठवा डाव. तीन हजार माणसं असतील, आणि झेंड्याच्या खांबावरची दोरी खांबाला आपटतेय ते ऐकू येत होतं.

पहिला बाद झाला.

मग लाओ उभाच राहिला. चेंडू छातीशी धरून. दुसरा बॅटर तयार होऊन थांबला, थकून बाजूला झाला, परत आला. पंचानं हात दाखवला. लाओ हलला नाही. निकासियो उठून त्याच्याकडे निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला, बूट झाडल्यासारखं केलं आणि परत फिरला. जाऊन बोलायचं काय, म्हणून.

लाओची टोपी पडली. त्यानं ती उचलली नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

एरास्मो बाकावरून उठला.

त्यानं मैदानाची पांढरी रेघ ओलांडली तेव्हा एक मोठा श्वास ओढला गेला, सगळ्यांचा मिळून. मग सुरू झालं.

"ए म्हाताऱ्या! परत जा!"

"बस खाली, करंट्या!"

"पाच राहिलेत, पाच! मोजता येत नाही का तुला?"

एक संत्रं त्याच्या पाठीवर फुटलं. मग बाटली. तो चालत राहिला. नेहमी पळत जाणारा माणूस, त्या दिवशी असा चालत होता की जणू पोचायचंच नव्हतं.

नंतर त्यानं मला सांगितलं, तिथं काय झालं ते. त्यानं विचारलं, "लाओ, आपण कुठं आहोत?" लाओनं त्याच्याकडे बघितलं. त्याची उजवी बाहुली एवढी मोठी झाली होती की डोळा नुसता काळा. म्हणाला, "आशीर्वाद, बाबा." लाओच्या बापाला कुणी कधी बघितलं नव्हतं, लाओनंही नाही.

एरास्मोनं चेंडू घ्यायला हात पुढे केला. लाओनं दिला नाही. बोटं उघडत नव्हती. एरास्मो एकेक बोट सोडवू लागला. लोकांना वाटलं झटापट चालली आहे, आणि ते अजून ओरडले. त्या ओरडण्यातच लाओ एरास्मोच्या अंगावर कलला.

मी जाळीचं दार उघडलं आणि बाकावरून, पोरांच्या मधून, मैदानात गेले. कुणी अडवलं नाही.

ऊस वाहायचा ट्रक बाहेर उभा होता. ड्रायव्हर फेलिपे, सामना बघायलाच आलेला. मागे पाचटावर लाओला ठेवलं, डोकं माझ्या मांडीवर, एरास्मो पायाशी. निकासियोला बरोबर यायचं होतं. एरास्मो म्हणाला, "तू झेलायला थांब." सवयीनंच म्हणाला असेल. निकासियो थांबला.

लाओ घोरत होता. झोपेतलं घोरणं नव्हे ते. मी त्याच्या कानात प्रार्थना म्हणत होते, आणि दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची धसकटं मागे जात होती. फेलिपे मागची खिडकी सरकवून ओरडला, "काकी, आता टाकतंय कोण?"

मला आधी कळलंच नाही, तो काय विचारतोय.

"रस्त्याकडे बघ!" एरास्मो ओरडला. इतक्या वर्षांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता.

जिल्ह्याच्या इस्पितळात पोचायला चाळीस मिनिटं लागली. लाओला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. एरास्मोच्या सदऱ्यावर संत्र्याचा रस वाळला होता. माझ्या झग्यावर पाचट. तो एकदाच बोलला.

"दुसऱ्या डावात काढायला हवा होता."

मी म्हणाले, "हो." खोटं बोलून त्याला धीर द्यायला माझं मन झालं नाही.

डॉक्टर मार्मोलेहोस बाहेर आले तेव्हा खिडकीतून अजून ऊन येत होतं. तरुण माणूस, हात कोपरापर्यंत ओले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग एरास्मोकडे.

"तुम्ही वडील?"

"मॅनेजर."

"गेला तो," डॉक्टर म्हणाले. "आत रक्त साचलं होतं. आम्ही उघडेपर्यंत उशीर झाला."

मी उभी होते ती बसले. एरास्मो बसला नाही.

डॉक्टरांनी हात पुसले. त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. "लागलं कधी त्याला?"

"दुसऱ्या डावात."

"आणि आणलात कधी?"

"आठव्या."

"आठव्या!" डॉक्टरांनी फडकं फेकलं. "ओकला नाही तो? बडबडला नाही? पावलं चुकली नाहीत त्याची?"

"ओकला. पावलंही चुकली."

"आणि तुम्ही काय करत होतात सगळे? शेकडो माणसं होती तिथं! एकाला विचारता आलं नाही, बाबा रे काय होतंय तुला? वेळेवर आणला असता तर चालत गेला असता घरी! तुम्ही माणसं आहात की..."

"डॉक्टर," एरास्मो म्हणाला, "त्याचा कोरा सामना चालला होता."

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. वाक्य तिथंच राहिलं.

ते त्या क्षणी बदलले, ते मी बघितलं. रागानं ताठलेले खांदे खाली आले. त्यांनी मागच्या भिंतीला हात टेकला.

"कोरा?" ते म्हणाले, अगदी हळू. "आठव्यापर्यंत?"

"आठव्यात एक बाद."

"नदीपलीकडच्यांविरुद्ध?"

"हो."

डॉक्टर बाकावर बसले, माझ्या शेजारी. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत राहिले. मग मान हलवली, एखाद्याला कठीण हिशेब अखेर समजावा तशी.

"मग कसं बोलणार," ते म्हणाले.

एरास्मो त्यांच्या समोर उभा होता. त्याच्या हातात अजून तो चेंडू होता, लाओच्या बोटांतून सोडवलेला.

"ओरडा ना," तो म्हणाला. "डॉक्टर, तुम्ही ओरडत होतात. ओरडा माझ्यावर."

डॉक्टरांनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि दया होती. त्यांनी हात वर करून एरास्मोच्या दंडावर ठेवला.

"ओरडा हो," एरास्मो म्हणाला.

डॉक्टर ओरडले नाहीत.